उतरते आकडे

सोमवार, ६ जानेवारी

नोकरी लागली. तीनच महिन्यांची, पण नोकरी.

रुग्णालयाच्या मागच्या बाजूला पूर्वी चादरी धुवायची खोली होती. बॉयलरचा पाइप तिच्या भिंतीतून जातो, त्यामुळे ती भर थंडीतही उबदार असते. तिथं सिकलसेलच्या रुग्णांसाठी वर्ग भरणार आहे. हलकी आसनं, सावकाश श्वास आणि शरीरात काय चाललंय ते न घाबरता बघायला शिकणं. दर मंगळवारी आणि गुरुवारी, अकरा ते बारा. शिकवणार मी! पंधरा दिवसांचं प्रशिक्षण शनिवारी संपलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अहवाल द्यायचा. उपयोग होतोय असं दिसलं तर वर्ग कायम होईल, आणि वर्गाबरोबर मीही.

आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे एवढं कॉलेज करून तू लोकांना श्वास घ्यायला शिकवणार? तो तर न शिकता येतो."

दादा शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाला, "न शिकता येतो, पण दरवेळी येतोच असं नाही. मला विचार."

दादाला हा आजार जन्मापासून आहे. रक्तातल्या गोल पेशी वाकतात, विळ्यासारख्या होतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. जिथं रक्त पोचत नाही तिथं दुखायला लागतं. कधी पाय, कधी पाठ, कधी सगळंच. घरात आम्ही त्या दुखण्याला 'साहेब' म्हणतो. "आज साहेब मुक्कामाला आहेत," असं दादा म्हणाला की त्या दिवशी यंत्र बंद. आई आणि बाबा दोघांच्याही रक्तात ते अर्धं अर्धं होतं. दादाला दोघांकडून मिळालं, मला एकाकडून. म्हणून तो नववीत शाळा सोडून पडदे शिवायला बसला आणि मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. यात माझं कर्तृत्व किती, हे मला अजून कळलेलं नाही.

पण आता काहीतरी करता येईल.

गुरुवार, ९ जानेवारी

पहिला वर्ग. सहा चटया, सहा माणसं. सहावा दादा. "तुझा वर्ग रिकामा दिसायला नको, मास्तरीणबाई," म्हणून स्वतःच आला. मी पदवीधर झाल्यापासून तो मला मास्तरीणबाई म्हणतो.

सगळ्यांत वयानं मोठ्या आहेत त्या ग्रंथालयात काम करतात. त्यांना मी मावशी म्हणायला लागले. सगळ्यांत लहान चौदा वर्षांची शाळकरी मुलगी, इतकी बारीक की दादानं पाहताक्षणीच तिचं नाव चिमणी ठेवलं.

वर्गाआधी आणि वर्गानंतर प्रत्येकाला दुखण्याचा आकडा विचारायचा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. तो पत्रकात लिहायचा. हे माझ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं, असं प्रशिक्षणात तीन वेळा सांगितलं होतं.

शेवटी पाठीवर पडून राहायचं शवासन सांगितलं. दादा म्हणाला, "मेल्यासारखं पडायचं? यात माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे." चिमणी हसत सुटली आणि शवासनाचा विचका झाला.

आकडे: दादा आधी पाच, नंतर पाच. चिमणी चार, चार. मावशी सात, सात. बाकीचेही तसेच.

"पहिलाच दिवस आहे," मी म्हटलं.

मावशी चटई गुंडाळत म्हणाल्या, "बाळ, खोली मात्र छान गरम आहे हो." मला समजलं नाही, हे कौतुक होतं की काय होतं.

मंगळवार, १४ जानेवारी

एक गोष्ट सुचली. आकडा मी कानात विचारते आणि कागदावर लिहिते, त्यामुळे कुणाला कुणाचं काहीच कळत नाही. मग उमेद कशी येणार? आज फळा आणला. सगळ्यांसमोर विचारलं, सगळ्यांसमोर लिहिलं. आणि ठरवलं, ज्याचा आकडा उतरला त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या.

दादाचा पाचावरून चारावर आला. टाळ्या! तो उभा राहून, छातीवर हात ठेवून वाकला, नटासारखा.

चिमणीचा चारावरून तीन. टाळ्या!

मावशींचा सातावरून सात. कुणी काही केलं नाही. मलाच अवघडल्यासारखं झालं.

मुख्य बाई दारातून बघत होत्या. या साऱ्या उपक्रमाच्या प्रमुख त्याच. जाताना म्हणाल्या, "तुझ्यात उत्साह आहे. अशीच माणसं पाहिजेत." घरी येईपर्यंत मी तेच वाक्य मनात घोळवत होते.

गुरुवार, २३ जानेवारी

आकडे उतरताहेत! दादा पाचावरून तीन. चिमणी गेल्या वेळी सहावरून तीन, आज सातावरून तीन. येताना तिला जास्त दुखतं आणि जाताना नेहमी तीन. शाळेतून धावत येत असेल का? तिला सांगायला हवं.

मावशी सात. पुन्हा सात. मी त्यांना बाजूला घेतलं आणि म्हटलं, "मावशी, तुम्ही मन मोकळं करून करत नाही का? थोडं सोडून द्यायचं असतं."

त्या म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं हे सोडून द्यायला बघतेय, बाळ. तेच मला सोडत नाही. तुझं आसन चांगलं आहे, पाठ मोकळी होते. पण तू विचारतेस दुखतं किती, तर सात. लिही सात."

मुख्य बाईंना विचारलं, एकाच व्यक्तीमुळे सरासरी बिघडते, काय करू? त्या म्हणाल्या, "नियमित सराव करत नाही असं लिही आणि वेगळं काढ त्यांना." त्या नियमित येतात. एकही वर्ग चुकवलेला नाही. तरी मी तसं लिहिलं. लिहिताना हात जरा थांबला, हेही इथं लिहून ठेवते.

गुरुवार, ३० जानेवारी

दादाच्या कपाटात बटणं शोधत होते तेव्हा दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट दिसलं. रोजची गोळी तो घेतोच, ती वेगळी. ही दुखलं तर घ्यायची. महिन्याच्या सुरुवातीला आणलेलं पाकीट जसंच्या तसं. एक गोळी कमी नाही!

मला रडायलाच आलं. म्हणजे खरंच उपयोग होतोय. मी वर्गात म्हटलं होतं, गोळी शेवटी, आधी श्वास. त्यानं ते मनावर घेतलं.

आणखी एक. तो हल्ली यंत्र एकाच पायानं चालवतो, उजव्या. डावा पाय उशीवर ठेवलेला असतो. प्रशिक्षणात सांगितलं होतं, सरावानं माणूस शरीर कमीत कमी आणि नेमकं वापरायला लागतो. तेच असेल.

मुख्य बाईंना गोळ्यांचं सांगितलं. म्हणाल्या, "हे अहवालात यायलाच पाहिजे."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आईशी भांडण.

ती म्हणाली, "तुझ्या वर्गात त्याला थंडी लागते का गं?"

"सगळ्यात गरम खोली आहे ती."

"मग घरी आल्यावर गरम पाण्याची पिशवी का मागतो? तू कामावरून यायच्या आत मला ती लपवायला का लावतो?"

"लपवायला?"

आईनं ओढणीनं तोंड पुसलं आणि भांडी घासायला बसली. मी दादाला विचारलं तर म्हणाला, "अगं, तू म्हणशील उपचार दोन-दोन झाले, मग कशानं बरं वाटलं ते कळणार कसं? तुझा प्रयोग बिघडायला नको." खरंतर हे बरोबरच आहे. शास्त्राच्या दृष्टीनं. पण आईचा चेहरा मला नीट आठवतोय, आणि तो शास्त्राच्या दृष्टीनं पाहिलेला नव्हता.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

वर्ग बघायला बाहेरून दोन अधिकारी आले होते. मुख्य बाईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "तुझ्या भावाला पुढं बसव. बोलका आहे."

दादा पुढं बसला. गुडघे छातीशी घेतले, पाय खुर्चीवर ठेवून पडला, श्वास सोडताना चारपर्यंत मोजलं. इतकं संथ, इतकं सुंदर की खोलीत फक्त पाइपातल्या पाण्याचा आवाज येत होता. माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी. शेवटी विचारलं, "किती?" तो म्हणाला, "एक." अधिकाऱ्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्यातल्या एकानं वहीत काहीतरी लिहिलं.

पाहुणे गेल्यावर दादा सापडेना. मागच्या जिन्यात बसला होता, भिंतीला डोकं टेकून.

"काय करतोयस?"

"सजग बसलोय," तो म्हणाला. "तूच सांगितलंयस ना, जे आहे ते बघायचं. मी जिना बघतोय. बारा पायऱ्या आहेत."

अर्धा तास त्यानं तो जिना बघितला.

आज मी खूश असायला हवं. मग हे असं का वाटतंय? गणित सुटलंय, उत्तर मागच्या पानावरच्या उत्तराशी जुळतंय, आणि तरी मधली एक पायरी मी कशी केली तेच आठवत नाही, असं काहीतरी.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सगळे आकडे तीनच्या खाली. मावशी सात.

दादाच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो. तो नेहमीच थोडा असतो. त्यानं काल एका पडद्याची झालर उलटी शिवली आणि पूर्ण उसवली. असं तो कधी करत नाही. "मन कुठं होतं?" असं मी विचारलं. तो म्हणाला, "श्वासावर."

मला काही कळत नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

कालचं आज लिहितेय, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून. क्रमानं लिहिलं तर कदाचित मला समजेल.

वर्ग नेहमीसारखा झाला. शवासनातून बाहेर यायला मी छोटी घंटा वाजवते. सगळे उठून बसले. दादा उठला नाही. मला वाटलं, गाढ गेलाय. मी बाकीच्यांना बोटांनीच खुणावलं, हळू, त्याला राहू दे. तेवढ्यात मावशी गुडघ्यांवर सरकत त्याच्याजवळ गेल्या. त्यांना गुडघ्यांवर चालवत नाही, तरी गेल्या.

"ह्याचे ओठ बघ," त्या म्हणाल्या.

ओठ राखेसारखे झाले होते. मी हात लावला तर कपाळ तापलेलं. "दादा, किती?"

डोळे मिटूनच तो म्हणाला, "तीन."

"कसले तीन!" मावशी ओरडल्या. या बाईंना मी पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. "माझं असं छातीत अडकलं होतं तेव्हा मी अशीच पडले होते. उचला ह्याला. तातडीच्या विभागात न्या. चिमणे, तू पळ पुढं."

चाकांच्या खुर्चीवरून नेलं. अंगण ओलांडायला दोन मिनिटं लागतात. तिथल्या नर्सनं विचारलं, "किती दुखतंय, शून्य ते दहा?" दादा म्हणाला, "चार." रुग्णाची फाइल काढली. फाइलला माझी पत्रकं लावलेली होती, सात आठवड्यांची, माझ्या सुवाच्य अक्षरात: पाच, चार, तीन, दोन, एक, दोन. ड्यूटीवरचे डॉक्टर माझ्यापेक्षा जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठे असतील. त्यांनी पानं उलटली, दादाकडं पाहिलं. दादा डोळे मिटून बसलेला, हात मांडीवर, श्वास संथ. शेजारी एक माणूस हात मोडला म्हणून मोठमोठ्यानं विव्हळत होता.

"यांचं नियंत्रणात दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "ताप आहे, बघतो. बाहेर बसा, नंबर येईल." बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र एकच मोकळं होतं, ते हात मोडलेल्याला लावलेलं होतं.

आम्ही बाहेर बसलो. आणि मी काय केलं? मी त्याला म्हटलं, "सावकाश श्वास सोड, चार मोज." त्यानं सोडला. मोजला. इतका शांत दिसत होता की येणारे-जाणारे त्याच्याऐवजी माझ्याकडंच बघत होते, कारण मी रडत होते.

मावशी समोर उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, तू त्याला गप्प बसवतेयस."

मी दादाचा हात धरला. गार पडला होता. "दादा, खरं सांग. किती आहे?"

त्यानं डोळे उघडले आणि चक्क हसला. म्हणाला, "उद्या महिना संपतोय. तुझा अहवाल गेला की मग सांगतो."

मला वाटतं त्या क्षणी मला सगळं एकदम कळलं, आणि कळल्याबरोबर परत काहीच कळेनासं झालं. पाकिटातल्या गोळ्या. उशीवरचा पाय. बारा पायऱ्या. माझी नोकरी.

मी आत गेले. दार ढकलूनच गेले. डॉक्टर हात मोडलेल्या माणसाजवळ होते. मी म्हटलं, "त्या फाइलमधले आकडे खोटे आहेत."

"कुणी लिहिले?"

"मी."

"सही तुमची आहे ना?"

"माझी आहे. ते खोटे आहेत. त्याला दहा दुखतंय. तो ओरडत नाहीये कारण न ओरडायला मी शिकवलंय त्याला. तुम्ही पाहताय ते बरं वाटणं नाहीये, ते... ते माझं शिकवणं आहे."

डॉक्टर मग नर्सला म्हणाले, "ती क्लिप काढा इकडची." दादाच्या बोटाला क्लिप लावली. चौऱ्याऐंशी. नर्स म्हणाली, "अरे देवा." त्या यंत्राला लाजही वाटत नव्हती की कुणाची काळजीही नव्हती. ते सरळ बोललं.

मग सगळे धावायला लागले. ऑक्सिजन, एक्स-रे, सुया. त्या वाकलेल्या पेशी छातीत अडकल्या होत्या, फुफ्फुसात. डॉक्टर नंतर बाहेर येऊन म्हणाले, "आणखी तासभर बसला असतात तर अवघड होतं." 'बसला असतात' असं म्हणाले, बसवलं कुणी ते म्हणाले नाहीत. मला वाटतं त्यांनाही रात्रभर झोप लागली नसेल.

आज सकाळी त्याला रक्त चढवलं. तो झोपला आहे. आई आत आहे. ती माझ्याशी बोललेली नाही, पण मघाशी बाहेर येऊन तिनं माझ्या अंगावर तिची शाल टाकली आणि परत आत गेली.

रविवार, २ मार्च

क्लिपवर त्र्याण्णव.

दादा अजून नीट बोलत नाही. दुखण्याचं इंजेक्शन सुरू आहे. मी जवळ बसते. तोंडाशी सतत येतं, 'सावकाश श्वास सोड', आणि मी ते गिळते. आता त्याला हे सांगायचं की नाही, हेच ठरत नाही. जे मदत करतं तेच झाकतं, तर मग ते काय आहे?

मंगळवार, ४ मार्च

वर्ग घेतला. आसनं नाहीत. फळा भिंतीकडं तोंड करून ठेवला. एकेकाला शेजारच्या खोलीत बोलावून विचारलं, खरं काय होतं?

चिमणी म्हणाली, "येताना तीनच असायचं, ताई. मी आधी जास्त सांगायची, म्हणजे उतरल्यासारखं दिसेल."

"पण का गं?"

"नाही उतरलं तर तुम्ही रडाल असं वाटायचं."

चौदा वर्षांची मुलगी. मला सांभाळत होती.

बाकीच्यांचंही थोड्याफार फरकानं तेच. कुणाला टाळ्या हव्या होत्या, कुणाला फक्त त्या लवकर संपायला हव्या होत्या. एकजण म्हणाले, "घरी कुणी विचारत नाही, तुम्ही एवढ्या आशेनं विचारता. नाही कसं म्हणायचं?"

शेवटी मावशी. मी त्यांची माफी मागितली, नियमित सराव करत नाही असं लिहिल्याबद्दल. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. तू पत्रक उघडंच ठेवतेस."

"मग बोलला का नाहीत?"

"मी दर वेळी बोलत होते की. सात म्हणत होते."

बुधवार, ५ मार्च

दादा रागावला. दादा कधी रागावत नाही, म्हणून आधी मला ओळखताच आलं नाही.

मी नुसतं म्हटलं, "माझ्यासाठी एवढं कशाला सहन केलंस?"

"तुझ्यासाठी?" तो उशीवर थोडा उठला. नळी ताणली गेली. "तू टाळ्या वाजवायचीस तेव्हा तुझं तोंड बघितलंयस का कधी? तुला मला बरं करायचं होतं की तुझं बरोबर ठरवायचं होतं? मी लहानपणापासून लोकांसाठी बरा होतोय. आईसाठी बरा, पडदेवाल्या शेठसाठी बरा. वाटलं, तू शिकलीस, तुझ्यासमोर तरी नाटक नको. तर तू तिकिटं लावलीस नाटकाला."

मी ताणलेली नळी सैल केली. पहिल्या दिवशी तरी त्याला बरं करायचं होतं. फळा आणल्यानंतरचं मला सांगता येत नाही.

मग तो म्हणाला, "आणि ते श्वासाचं खोटं नाहीये. ऐकतेयस ना?"

"पण तुझं दुखणं कमी होत नव्हतं."

"दुखणं नाही होत कमी. पण साहेब यायच्या आधी जी धाकधूक असते ना, आता येईल, मग येईल... ती कमी व्हायची. पाय खुर्चीवर ठेवल्यावर पाठीला बरं वाटायचं. झोप लागायची. ते लिही. ते कुणी विचारलंच नाही."

पत्रकात त्यासाठी रकाना नाही.

शुक्रवार, ७ मार्च

अहवाल दिला. दोन पानांचा. त्यात लिहिलं की आकडे विश्वासार्ह नाहीत, कारण ते मी सगळ्यांसमोर आणि टाळ्यांसाठी विचारले. गोळी शेवटी घ्या असं मी सांगितलं, हा माझा अधिकार नव्हता, आणि ते धोक्याचं होतं. सरावामुळे एक रुग्ण इतका शांत दिसला की तातडीच्या विभागात त्याचं दुखणं ओळखू आलं नाही. म्हणून यापुढं शांत दिसणाऱ्या प्रत्येकाला आधी क्लिप लावावी. मावशींचे सगळे सात परत सरासरीत घेतले. आणि शेवटी दादानं सांगितलेलं, भीती, पाठ आणि झोप यांबद्दल.

मुख्य बाईंनी उभ्या उभ्याच वाचला. "हा दिलास तर वर्ग बंद होऊ शकतो. मग ज्यांची पाठ मोकळी होते त्यांनी कुठं जायचं? याचा विचार केलास?"

केला नव्हता. आता करतेय आणि दोन्हीकडून अडकतेय. खरं लिहिलं म्हणून उपयोगाची गोष्ट बंद पडली, तर ते खरं चांगलं कसं? आणि खोट्यावर चालू राहिली तर पुढचा दादा त्या बाकावर किती वेळ बसेल?

मी म्हटलं, "बाई, हाच द्या."

त्या म्हणाल्या, "वरून काय उत्तर येईल ते माझ्या हातात नाही." पण त्यांनी तो फाडला नाही, ट्रेमध्ये ठेवला. दारापाशी पोचले तेव्हा त्यांनी विचारलं, "भाऊ कसा आहे?" हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदाच विचारला. मीही त्यांना त्याच्याबद्दल गोळ्या आणि आकड्यांशिवाय काही सांगितलं नव्हतं.

रविवार, १६ मार्च

दादा मंगळवारी घरी आला. अहवालाचं उत्तर आलेलं नाही. तोपर्यंत वर्ग चालू ठेवा, असं मुख्य बाईंनी सांगितलंय. गुरुवारी चौघं आले. काय होतंय, कुठं होतंय, एवढंच विचारलं, आणि ते सांगण्यातच तास संपला. हा वर्ग झाला की नाही, मला ठाऊक नाही.

आज सकाळी नाश्त्यानंतर दादाचे पाय सुरू झाले. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं तशी गोळी दिली, पाणी दिलं, क्लिप लावून पाहिलं. आता घरी एक आणलीय. सत्त्याण्णव. ताप नाही. गोळीला गुण यायला तासभर लागेल, तोवर थांबा, असं ते म्हणाले.

पाऊण तास झाला असेल. दादानं माझ्याकडं बघितलं, जणू परवानगी मागतोय. आणि मग तो ओरडला.

मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. आईनंही बहुतेक तो लहान असतानाच ऐकलं असेल, कारण तिच्या हातातली परात खाली पडली. त्यानं शिवी दिली, आजाराला, पायांना, उशीला, मग आणखी एक, जी त्याला येते हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या काकू दार वाजवायला लागल्या.

"काय झालं गं? कोण भांडतंय?"

"कुणी नाही. दादाचं दुखतंय."

"एवढं? आजपर्यंत कधी आवाज नाही आला बाई."

"हो," मी म्हटलं. "आजपर्यंत नाही आला."

त्या दारातच उभ्या राहिल्या. आई भिंतीशी. मी परत आत जाऊन पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि त्याची दोन्ही पावलं मांडीवर घेतली. डोक्यात सगळं होतं, चार मोज, सोड, कुठं दुखतंय ते बघ. एकही शब्द बोलले नाही. बोलायला हवं होतं का, तेही कळत नव्हतं. नुसती पावलं धरून ठेवली.

दोन आरोळ्यांच्या मधे त्यानं एक डोळा उघडला.

"अगं, तू श्वास घे की," तो म्हणाला. "कधीची धरून बसली आहेस."

मी घेतला. तो परत ओरडला.